अर्जातला एक रकाना

मंडळी, यावेळचा लेख जरा लांबणार आहे. चहा घेऊनच बसा.

दोन वर्षांपूर्वीच्या जूनमधली गोष्ट. माझ्या भाचीची मुलगी दहावी पास झाली, ७८ टक्के मिळाले. पेढे घेऊन आली, वाकून नमस्कार केला आणि तिथंच जमिनीवर मांडी घालून म्हणाली, "आजी, मला नर्सिंगला जायचंय. आई म्हणते, आत्ता अकरावीला काहीतरी घे, नर्सिंगचं बारावीनंतर बघू."

भाची स्वयंपाकघरातून ओरडली, "अगं मावशी, कॉलेजातल्या क्लार्कनं सांगितलंय, बायोलॉजी सोडा आणि कॉम्प्युटर सायन्स घ्या, मार्क चांगले पडतात. बारावीला टक्केच बघतात ना?"

माझ्या हातातला पेढा हातातच राहिला. कारण असाच सल्ला मी स्वतः एका मुलीला दिला होता, तीसएक वर्षांपूर्वी, वर्गाच्या दारात उभं राहून, अगदी आत्मविश्वासानं. ती गोष्ट पुढं सांगेनच. त्या संध्याकाळी मी पोरीला म्हटलं, "अकरावीचा फॉर्म भरू नकोस, मला तीन दिवस दे." ते तीन दिवस मी नर्सिंगच्या प्रवेशाचे नियम वाचले. आणि मास्तरकीची खोड अशी की नियम वाचता वाचता तो नियम कुठून आला हे शोधत मागं मागं गेले. तीन दिवसांचे तीन महिने झाले. (पोरीचा फॉर्म मात्र वेळेत गेला, काळजी नको!)

क्रिमियाच्या युद्धात १८५४ मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ बायकांना घेऊन जखमींच्या शुश्रूषेला गेल्या, हे आपण सगळ्यांनी शाळेत वाचलंय. हातात दिवा घेऊन फिरणारी बाई, एवढंच बहुतेकांच्या लक्षात राहतं. मीही इतक्या वर्षांच्या नोकरीत तेवढंच शिकवलं. पण या बाईंचं त्याहून मोठं काम नंतरचं आहे. लोकांनी त्यांच्या नावानं निधी जमवला, सुमारे ४५,००० पौंडांचा. त्यातून १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा निघाली. पहिल्या तुकडीत १५ जणी. शिक्षण एक वर्षाचं. राहणं-जेवण शाळेकडं आणि वर वर्षाला १० पौंड हातखर्चाला.

आता प्रवेशाची अट बघा. वय साधारण २५ ते ३५ आणि चांगल्या चारित्र्याचा दाखला. रसायनशास्त्र नाही, जीवशास्त्र नाही. आत गेल्यावरही मेट्रनबाई दर महिन्याला प्रत्येकीचा तक्ता भरायच्या. त्यात एका बाजूला जखम बांधणं वगैरे कामं किती जमतात ते, आणि दुसऱ्या बाजूला वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, टापटीप! आपल्याकडच्या प्रगतिपुस्तकात 'वर्तणूक' असा रकाना असायचा ना, तसंच. मला आधी हसू आलं. मग कारण कळलं. त्या काळी इंग्लंडात पैसे घेऊन आजाऱ्यांची सेवा करणारी बाई म्हणजे दारू पिणारी, रोग्याच्या उशाखालचे पैसे ढापणारी, अशी समजूत होती. डिकन्सच्या 'मार्टिन चझलविट' या कादंबरीत सेरी गँप नावाची अशीच एक नर्स आहे, ती तर घराघरांत चेष्टेचा विषय झाली होती. नाइटिंगेलबाईंना ही समजूत पुसायची होती. म्हणून पहिला रकाना चारित्र्याचा.

म्हणजे प्रवेशाची अट ही नुसती अट नसते. त्या वेळच्या समाजाला त्या कामाबद्दल काय वाटतं, कशाची भीती वाटते, ते त्या रकान्यात लिहिलेलं असतं. हे सूत्र एकदा हाती लागल्यावर मी आपल्याकडचे रकाने बघायला लागले.

मुंबईत १८८३ मध्ये डॉ. एडिथ पीची नावाच्या इंग्रज बाई आल्या. स्त्रियांसाठीच्या कामा रुग्णालयाची सूत्रं घेण्यासाठी त्यांना बोलावलं होतं. त्यांनी आल्या आल्या जी कामं हाती घेतली त्यांत परिचारिका तयार करण्याचं एक. कामा रुग्णालय १८८६ मध्ये उघडलं. त्याच सुमारास, १८८५ मध्ये, व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांच्या नावाचा निधी उभा राहिला, स्त्रियांना स्त्रियांकडूनच वैद्यकीय मदत मिळावी म्हणून. शाळा निघाल्या, पैसे आले. पण शिकायला कोण येणार? अँग्लो-इंडियन मुली आल्या, देशी ख्रिस्ती मुली आल्या. आपल्या घरांतून जवळजवळ कुणी नाही. बाळंतपण म्हणजे विटाळ, रक्त म्हणजे विटाळ, परक्या पुरुषाला हात लावायचा, त्यातून कोणत्या जातीचा कोण जाणे, आणि रात्री घराबाहेर राहायचं! ज्या सुइणीच्या हातात आपला जन्म झाला तिला सोप्याच्या पुढं येऊ न देणारी आपली घरं. ती आपल्या पोरीला सुईण-नर्स कशी होऊ देणार?

इथं सावित्रीबाई फुल्यांची आठवण काढल्याशिवाय पुढं जाववत नाही. १८९७ च्या प्लेगात त्यांनी पुण्याजवळ मुलगा डॉ. यशवंत याच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा केली आणि त्यातच प्लेग होऊन १० मार्च १८९७ ला गेल्या. त्यांच्याकडं नर्सिंगचं कुठलंही प्रमाणपत्र नव्हतं. असो.

आमच्या मुलखात, म्हणजे मिरज-सांगलीकडं, हे काम मिशनऱ्यांनी आणलं. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेला रुग्णालय काढलं आणि पुढं तिथं परिचारिकांचं शिक्षणही सुरू झालं. आमच्या लहानपणी "मिशनात नेलं" म्हटलं की दुखणं मोठं आहे हे समजायचं. गावातल्या सोवळ्या म्हाताऱ्याही तिथं जायच्या, तिथल्या सिस्टरच्या हातून औषध घ्यायच्या, बऱ्या होऊन यायच्या आणि घरी आल्यावर डोक्यावरून पाणी घ्यायच्या. मी माझ्या आजीला असं करताना पाहिलंय. पण तिनं त्या सिस्टरला दिवाळीचा फराळही पाठवला होता, हेही सांगायला हवं.

मराठी मध्यमवर्गीय घरातल्या बाईला या कामाचं दार उघडलं ते रमाबाई रानड्यांनी. यात एक गंमतशीर दुवा आहे. बेहरामजी मलबारी हे विधवांच्या प्रश्नावर लढणारे पारशी पत्रकार. त्यांचे मित्र दयाराम गिदुमल यांनी मलबारींचं चरित्र लिहिलं. त्याला प्रस्तावना कुणाची? फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची! बाई भारतात एकदाही आल्या नाहीत, पण इथल्या आरोग्यावर आयुष्यभर लिहीत राहिल्या. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. तर याच मलबारी आणि गिदुमल यांनी १९०८ मध्ये मुंबईत सेवासदन काढलं आणि १९०९ मध्ये रमाबाईंनी पुण्यात सेवासदनाचं काम सुरू केलं, गो. कृ. देवधरांच्या साथीनं. थोड्याच काळात ससून रुग्णालयाच्या मदतीनं तिथल्या बायका नर्सिंग शिकू लागल्या. त्यांत विधवा बऱ्याच. रमाबाई स्वतः विधवा. इंग्रजी शिकत होत्या म्हणून घरातल्या बायकांनी त्यांना किती छळलं, ते त्यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' मध्ये लिहून ठेवलंय, ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचा.

सेवासदनाच्या एका समारंभातला प्रसंग सांगतात. बक्षीस घ्यायला एक विधवा बाई व्यासपीठावर आली, लाल अलवण, केशवपन केलेलं डोकं पदरानं झाकलेलं. वर गॅलरीत बसलेल्या कॉलेजातल्या पोरांनी हुर्यो केली. रमाबाई बोलायला उठल्या तेव्हा त्यांनी त्या पोरांची अशी काही हजेरी घेतली की सभागृह चिडीचूप झालं. तुमच्याच घरात अशी बहीण, अशी आत्या असेल, असा त्यांचा रोख होता.

मी या प्रसंगाशी बराच वेळ थांबले. विधवांनाच का या कामाला पाठवलं? कारण त्यांच्या लग्नाचा प्रश्न संपलेला होता! लग्नाच्या मुलीला रात्रपाळीला पाठवायला कुणी तयार नव्हतं. मोडलेल्या आयुष्याचं काहीतरी करायचं म्हणून नर्सिंग. हा शिक्का पुढं कित्येक वर्षं या कामाला चिकटून राहिला. 'काहीच जमलं नाही तर नर्स हो.'

आणि मग आला तो दुसरा रकाना, विवाहित की अविवाहित. लष्करातलं उदाहरण घ्या. इथल्या लष्करी रुग्णालयांसाठी पहिल्या दहा प्रशिक्षित परिचारिका १८८८ मध्ये मुंबईच्या बंदरात उतरल्या. तिथपासून चालत आलेल्या या सेवेत लग्न केलं म्हणून नोकरी जाण्याचा नियम थेट १९९५ पर्यंत होता. १९८८ मध्ये अशी नोकरी गेलेल्या एका लेफ्टनंट बाईंना सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२४ मध्ये ६० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. ३६ वर्षांनी! बातमी वाचली तेव्हा मी भाचीला फोन करून वाचून दाखवली. ती म्हणाली, "मावशी, लग्न केलं तर बाईचे हात काय वेगळे होतात का गं?" भाची कधी कधी फार मार्मिक बोलते.

शिक्षणाचा रकाना खऱ्या अर्थानं मोठा झाला तो स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर. सर जोसेफ भोर, आपल्या नाशिकला जन्मलेले. त्यांच्या समितीचा अहवाल १९४६ मध्ये आला. आपल्या देशातल्या सरकारी दवाखान्यांचा सगळा सांगाडा, प्राथमिक आरोग्य केंद्रासकट, त्या अहवालातून आलाय. त्यात परिचारिकांचा आकडा आहे. सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ७,०००. म्हणजे ४३,००० माणसांमागं एक! पगार तुटपुंजे, राहायच्या जागा वाईट, मान नाही, हेही समितीनं स्पष्ट लिहिलं. त्याच वर्षी दिल्लीला आणि वेल्लोरला नर्सिंगच्या पदवीचं शिक्षण सुरू झालं. १९४७ मध्ये परिचर्या परिषदेचा कायदा झाला आणि कोण शिकवणार, किती वर्षं शिकवणार, कुणाला घेणार हे देशभर एका जागी ठरायला लागलं.

पण मुली कुठून आणायच्या? मॅट्रिक झालेल्या मुलीच मुळात कमी. म्हणून उतरंड झाली. खेड्यात काम करणाऱ्या साहाय्यक परिचारिकेला, म्हणजे आपल्या एएनएमला, सुरुवातीला सातवी-आठवी पुरायची. तीच आपली गावातली 'नर्सबाई'. नंतर दहावी लागायला लागली, आणि आता बारावी. तीन वर्षांच्या डिप्लोमाला, म्हणजे जीएनएमला, आधी मॅट्रिक, मग बारावी. पदवीला विज्ञान. दर पिढीला उंबरा एक वीट वर गेला. आणि मी सांगते, हे चांगलंच झालं. अतिदक्षता विभागातलं ते यंत्र, त्या सलाइनच्या मात्रा, हे काही नुसत्या टापटिपीच्या जोरावर जमणारं काम नाही. पण उंबरा वर नेताना, दार कुठं आहे हे सांगायला रस्त्यात कुणी उभं केलं नाही, ही माझी तक्रार आहे. आता माझीच गोष्ट.

१९६७ साली मी आणि माझी मैत्रीण जुनी अकरावी, म्हणजे एसएससी, एकत्र पास झालो. मैत्रिणीच्या मामांनी परळहून एका मोठ्या रुग्णालयाचे नर्सिंगचे दोन अर्ज पाठवले. दोन का, तर मी तिच्या मागं लागले होते म्हणून. पिवळट कागद, इंग्रजीत छापलेला. आम्ही दोघी माडीवर बसून डिक्शनरी घेऊन तो वाचला. वय १७ पूर्ण. एसएससीचे गुण. डॉक्टरांचा दाखला. मुख्याध्यापकांचा चारित्र्याचा दाखला (बघा, १८६० मधला रकाना १०७ वर्षांनी आमच्या गावात!). अविवाहित. आणि सगळ्यांत खाली, पालकाची संमती, सही.

मैत्रिणीचे वडील तेलाच्या गिरणीत कामाला, पदरात पाच पोरं, ही थोरली. राहणं-खाणं फुकट, वर दरमहा विद्यावेतन. त्यांनी सही केली. आनंदानं नाही केली, मान खाली घालून केली. माझे वडील पोस्टात कारकून. त्यांनी अर्ज पूर्ण वाचला, नीट घडी घातला आणि मला परत दिला. म्हणाले, "लोकांची घाण काढायला तुला वाढवली नाही." आवाजसुद्धा चढवला नाही. विषय संपला. मी सांगलीला बीए केलं, मग बीएड, मग शाळा. माझं काही वाईट झालं नाही, उलट चांगलंच झालं, तुम्ही सगळे विद्यार्थी-नातेवाईक साक्षीला आहात. पण तो घडी घातलेला अर्ज कित्येक वर्षं माझ्या ट्रंकेत होता.

परवा वाचताना कळलं की मुंबईत एसएनडीटीचं लीलाबाई ठाकरसी नर्सिंग कॉलेज १९६४ सालीच सुरू झालं होतं. म्हणजे आम्ही माडीवर डिक्शनरी घेऊन बसलो होतो तेव्हा मुंबईत मुलींसाठी नर्सिंगची पदवी होती! 'पदवी' म्हटल्यावर वडील काय म्हणाले असते? कदाचित तेच. पण आम्हाला ते विचारायलासुद्धा माहीत नव्हतं.

वडील १९८९ मध्ये गेले. शेवटचे तीन आठवडे रुग्णालयात होते. एक केरळची सिस्टर होती, वय बावीस-तेवीस, मोडकं मराठी. ती त्यांना रोज पुसून काढायची, कूस बदलून द्यायची, बेडपॅन द्यायची. पहिल्या दिवशी वडिलांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. नंतर नंतर ती यायची वाट बघायचे. त्या अर्जाबद्दल ते कधी बोलले नाहीत. मीही नाही.

आता ती दुसरी गोष्ट, जी सांगायला मला जास्त जड जातं. १९९२-९३ च्या सुमाराची. माझ्या वर्गात एक मुलगी होती. हुशार, हस्ताक्षर मोत्यासारखं. आई शेतमजूर. दहावीच्या निकालानंतर मला दारात गाठून म्हणाली, "बाई, मला नर्स व्हायचंय. अकरावीला काय घेऊ?" आमच्या गावात तेव्हा फक्त कला शाखा होती. विज्ञानासाठी तालुक्याला एसटीनं जावं लागायचं, पास, डबा, प्रयोगवह्या. मला वाटलं मी तिचा खर्च वाचवतेय. म्हटलं, "आर्ट्स घे. नर्सिंगला बारावी लागते, चांगले टक्के पाड म्हणजे झालं."

तिनं पाडले. ७१ टक्के. आणि माहितीपत्रक घेऊन माझ्याकडं आली. पदवीच्या प्रवेशाला लिहिलं होतं, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र. मी ते तीनदा वाचलं, जणू वाचून बदलणार होतं. डिप्लोमाचा अर्ज केला, यादीत नाव आलं नाही. दुसऱ्यांदा अर्ज करेपर्यंत तिचं लग्न ठरलं होतं. आता ती एका गावात अंगणवाडी मदतनीस आहे. लसीकरणाच्या दिवशी नर्सबाई येते तेव्हा पोरांना धरून बसते. भेटली की पाया पडते. ती मला एकदा जरी बोलली असती ना, तर बरं वाटलं असतं.

म्हणून तो पेढा हातात राहिला होता.

तर तीन दिवसांनी मी भाचीला आणि नातीला समोर बसवून जे सांगितलं ते इथंही लिहिते, तुमच्यापैकी कुणाच्या घरात दहावीतलं पोर असेल तर उपयोगी पडेल. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. त्याला बारावी विज्ञान लागतं, भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय घेऊनच. तीन शास्त्रांत मिळून खुल्या गटाला किमान ४५ टक्के, राखीव गटांना सवलत. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वय १७ पूर्ण. आणि प्रकृती धडधाकट असल्याचा दाखला. जीवशास्त्र सोडून कॉम्प्युटर सायन्स घेतलं आणि ९५ टक्के जरी पडले तरी हे दार बंद! महाराष्ट्रात काही वर्षं नीट परीक्षेच्या गुणांवर प्रवेश होत होते, आता राज्याची वेगळी सीईटी आहे, त्यात या चार विषयांच्या जोडीला नर्सिंगकडं कल आहे का ते बघणारे प्रश्नही असतात. (नाइटिंगेलबाईंचा तक्ता आठवला की नाही?)

आणि ज्यांनी कला किंवा वाणिज्य घेतलंय त्यांनी लगेच कपाळाला हात लावू नये. जीएनएम डिप्लोमा तीन वर्षांचा, त्याला बारावी कोणत्याही शाखेची चालते, ४० टक्के आणि इंग्रजी विषय हवा. तो करून परिषदेकडं नोंदणी झाली की पुढं दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं. लांबचा रस्ता आहे, पण पोचतो. लष्करी नर्सिंगची अट मात्र कडक. विज्ञानाची बारावी पहिल्याच प्रयत्नात किमान ५० टक्क्यांनी, फक्त मुलींना, आणि प्रवेशाच्या वेळी अविवाहित किंवा घटस्फोटित, किंवा मूलबाळ नसलेली विधवा. तो जुना रकाना तिथं अजून आहे.

इंग्रजीची धास्ती आमच्या नातीलाही आहे, ती मराठी माध्यमाची. मी तिला म्हटलं, आम्ही डिक्शनरी घेऊन अर्ज वाचला, तू पुस्तक वाच. रोज एक पान. सहा महिन्यांत पोरगी 'मेटाबोलिझम' माझ्यापेक्षा बरा उच्चारायला लागली.

कॉलेज कोणतं, हा प्रश्न अजून पुढं आहे, पण गेल्या मे महिन्यात आम्ही तिघी दोन ठिकाणं बघून आलो. पहिलं एकदम चकाचक, नाव नको. संगणक कक्ष, थंडगार सभागृह, मेणाचे पुतळे, स्वागताला पेयसुद्धा. मी विचारलं, "मुली प्रत्यक्ष काम कुठं शिकतात?" म्हणाले, "बस जाते." कुठं जाते ते चौथ्यांदा विचारल्यावर कळलं, आणि तिथं आम्ही परतताना डोकावलो तर निम्म्या खाटा रिकाम्या. कॉलेजाचं स्वतःचं किमान १०० खाटांचं रुग्णालय असावं असा परिषदेचा दंडक आहे, पण खाटा आणि रोगी यांत फरक असतो. दुसरं जुनं सरकारी. भिंतींचे पोपडे निघालेले, जिन्यात औषधांचा वास, वॉर्डात पाय ठेवायला जागा नाही. एक विद्यार्थिनी एका म्हाताऱ्याला भरवत होती, आणि तिची बाई मागं उभी राहून चमचा कसा धरायचा ते सांगत होती. भाचीला पहिलं आवडलं. नात काही बोलली नाही, घरी येईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत होती. मी मुद्दाम विचारलं नाही. परिषदेची मान्यता आणि नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची संलग्नता तेवढी दोन्हींची बघून ठेवली आहे.

ती आता बारावीत आहे. जीवशास्त्राची वही माझ्याकडं आणून दाखवते, मला त्यातलं ओ का ठो कळत नाही, पण आकृत्या सुरेख काढते.

माझी ती मैत्रीण मेट्रन होऊन निवृत्त झाली, आता कोल्हापूरला असते. दिवाळीत फोनवर तिला हे सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ती अभ्यासाबद्दल काहीतरी विचारेल. तर म्हणाली, "ते मार्कांचं राहू दे गं. आठ तास उभी राहते का पोरगी, ते सांग. आणि चादर नीट घालता येते का तिला?"

नात दोन दिवस तिच्याकडं राहून आली. तेव्हापासून आमच्या घरातल्या सगळ्या गाद्यांवरच्या चादरी चारही कोपऱ्यांत पाकिटासारख्या दुमडलेल्या असतात. रात्री पाय बाहेर काढायची सोय राहिलेली नाही.